वॉर्डातला चित्रपट महोत्सव भरवायचा असेल तर

मुंबईत चित्रपट महोत्सवांना तोटा नाही. माहितीपट-लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव इथे १९९० पासून भरतो, मुंबई चित्रपट महोत्सव भरवणाऱ्या ‘मामि’ या संस्थेची स्थापना १९९७ची, आणि प्रभात चित्र मंडळ तर १९६८ पासून जगभरचा सिनेमा मुंबईकरांना दाखवत आलं आहे. पण भांडुपला किंवा परळला राहून, नोकरी सांभाळून, पगारातले पैसे साठवून पंचवीस मिनिटांचा चित्रपट करणाऱ्या माणसाला तो आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायला जागा मिळत नाही. मोठ्या महोत्सवात निवड झाली नाही की चित्रपट हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो. लोक तो पाहतात मोबाइलवर, लोकलमध्ये उभ्याने, अर्धामुर्धा.

१८९९ साली सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली होती. आपल्या गावातली घटना आपल्याच माणसाने टिपायची, ही या शहराची सव्वाशे वर्षांची जुनी रीत आहे. वॉर्डातला महोत्सव त्याच रीतीला धरून आहे. त्याने चार गोष्टी द्यायच्या: अंधार, नीट दिसणारा पडदा, स्वच्छ ऐकू येणारा आवाज आणि समोर ओळखीपाळखीची माणसं. पैसा, वेळ, माणूसबळ कमी पडायला लागलं की या चारांपैकी काही कापू नका. स्मृतिचिन्हं, पुष्पगुच्छ, फ्लेक्स, प्रमुख पाहुणे यांतलं काहीही कापा. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी ‘स्थानिक’ कोण ते ठरवा

पहिल्या बैठकीत एवढं एकच ठरलं तरी पुष्कळ झालं. दिग्दर्शक वॉर्डात राहतो म्हणून चित्रपट स्थानिक? की चित्रीकरण इथे झालं म्हणून? माझं मत, दोन्हींपैकी एक पुरे. भांडुपमध्ये वाढलेली आणि आता विरारला राहणारी मुलगी भांडुपवर चित्रपट करते, तो आपलाच आहे. भाषेची अट घालू नका. मराठीबरोबर हिंदी, गुजराती, मालवणी, कोळीवाड्यातली आगरी-कोळी बोली हे सगळं एकाच स्टेशनाबाहेर ऐकू येतं, ते पडद्यावरही यावं. लांबीची वरची मर्यादा मात्र ठेवा. पहिल्या वर्षी लघुपट आणि माहितीपट चाळीस मिनिटांपर्यंत घ्या आणि पूर्ण लांबीचा एखादाच. ‘आमच्याकडेच पहिलं प्रदर्शन हवं’ असा हट्ट नको. तो मोठ्या महोत्सवांना परवडतो. आपल्या अटीमुळे एखाद्याची बाहेरची संधी हुकली तर त्यात आपलं काहीच भलं नाही.

हे नियम एका पानात लिहून काढा आणि अर्जासोबत द्या. नंतर ‘अमक्याचा घेतला, माझा का नाही’ असं कुणी विचारलं, तर ते पानच उत्तर देतं.

माणसं सहा पुरतात, फक्त प्रत्येकाकडे एकच जबाबदारी हवी: परवानग्या, हॉल, चित्रपटांची निवड, प्रोजेक्शन-आवाज, पैसा, प्रेक्षक. प्रोजेक्शनवाल्याला दुसरं कसलंही काम देऊ नका, त्या दिवशी खुर्च्या लावायलाही बोलावू नका.

तारीख

हाताशी सहा महिने ठेवा. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणपती, मग नवरात्र, दिवाळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा, म्हणजे ज्या घरातून प्रेक्षक यायचे तिथे टीव्हीसुद्धा बंद. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि चित्रपटवेडी मंडळी तिकडे जातात. राहता राहिला डिसेंबर आणि जानेवारीचा पूर्वार्ध. या दिवसांत हवा बरी असते, त्याचं महत्त्व हॉलच्या वेळी कळेल.

रविवार धरताना मेगाब्लॉक विसरू नका. मध्य रेल्वेवर रविवारी दिवसाचे काही तास जलद किंवा धीमी लाइन बंद असते, हार्बरवर काही टप्प्यांत गाड्याच धावत नाहीत, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. वॉर्डातले प्रेक्षक चालत येतील, पण दिग्दर्शक, कलाकार आणि त्यांची मित्रमंडळी कल्याण-पनवेलहून येणार. म्हणून मुख्य कार्यक्रम शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी संध्याकाळी ठेवा. शेवटचा शो साडेनऊला संपलाच पाहिजे, चर्चेसकट.

हॉल

मोठी नाट्यगृहं, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ, दिसायला छान. पण शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांकडे असतात आणि हजार खुर्च्यांत दीडशे माणसं बसली की चित्रपट करणाऱ्याचा जीव बारीक होतो. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीतलं लघुनाट्यगृह किंवा माटुंग्याचं सांस्कृतिक केंद्र अशा आटोपशीर जागा बघा. त्या नाही मिळाल्या तर शाळेचं सभागृह, वाचनालयाचा हॉल, सोसायटीचं क्लब हाऊस. दीडशे ते दोनशे खुर्च्या पुरे.

हॉल पाहायला जाताना शो ज्या वारी, ज्या वेळी आहे त्याच वारी, त्याच वेळी जा. दिवे आणि पंखे बंद करून दहा मिनिटं नुसते बसून राहा. रुळांजवळच्या हॉलमध्ये दर तीन-चार मिनिटांनी गाडी जाते. सकाळी ती जाणवत नाही, संध्याकाळी शांत प्रसंगाच्या बरोबर मध्ये येते. शेजारच्या देवळातली आरती, मशिदीतली अजान, लग्नाचा हॉल, क्लासच्या सुट्टीची वेळ टिपून घ्या आणि संवादप्रधान चित्रपट त्या वेळा टाळून लावा.

शाळेच्या सभागृहात दोन अडचणी हमखास असतात. एक उजेड. वरच्या झडपांतून, दाराच्या फटीतून दुपारी इतका प्रकाश येतो की पडद्यावरचा काळा रंग राखाडी दिसतो. मंडपवाल्याकडून काळं जाड कापड घ्या आणि आदल्या दिवशी, उजेड असतानाच लावून बघा. दुसरी अडचण याच कापडातून निघते: वारा बंद होतो, पंखे फुल करावे लागतात आणि पंख्यांच्या घरघरीत संवाद बुडतात. डिसेंबर-जानेवारीचा आग्रह यासाठी. त्या दिवसांत पंखे एक-दोनवर ठेवून भागतं. एसी हॉल असला तर एसीचाही आवाज ऐकून ठेवा.

शेवटी तीन गोष्टी बघा. चाकाची खुर्ची आत येते का, बायकांचं स्वच्छतागृह उघडं असतं का, आणि वीज गेली तर जनरेटरवर प्रोजेक्टरचा प्लग येतो की नुसते दिवे.

परवानग्या

इथे बहुतेक मंडळी ‘आपला छोटा कार्यक्रम, कोण विचारतंय’ म्हणून पुढे जातात. तसं करू नका. शो थांबला तर नुकसान चित्रपट करणाऱ्याचं होतं.

सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. लघुपट आहे, फुकट दाखवतोय, मराठी आहे, यांतल्या कशानेच ती अट सुटत नाही. हातात तीन वाटा आहेत. पहिली, प्रमाणपत्र असलेलेच चित्रपट घ्यायचे किंवा दिग्दर्शकाला ते काढायला मदत करायची. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो आणि फी लांबीनुसार असते. २०२३च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली, ते आता कायमचं असतं, आणि ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहायच्या चित्रपटांचे) ७, १३, १६ वर्षं असे तीन गट झाले. चित्रपट करणाऱ्याला हा खर्च एकदाच आहे आणि पुढे कामाला येतो, हे त्याला समजावून सांगा.

दुसरी वाट सूट मिळवण्याची. कलम ९ खाली केंद्र सरकार महोत्सवाला प्रमाणपत्रातून सूट देऊ शकतं. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जातो. त्यात महोत्सवाचा हेतू, जागा, तारखा, चित्रपटांची यादी, प्रत्येकाचं कथासार आणि निवड समितीची शिफारस द्यावी लागते. प्रदर्शन व्यावसायिक नसावं आणि आधी नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरतंच असावं, ही त्यातली महत्त्वाची अट. मोठ्या महोत्सवांत गळ्यात ओळखपत्र अडकवतात त्यामागे हेही कारण आहे. म्हणजे सूट घेतलीत तर ‘कुणीही या, बसा’ असं करता येत नाही, नोंदवही ठेवावी लागते. यादी पक्की झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, म्हणून निवड दीड-दोन महिने आधी संपवा.

तिसरी वाट म्हणजे एखाद्या जुन्या फिल्म सोसायटीला, म्हणजे सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या संस्थेला, बरोबर घेणं. फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ १९५९ पासून आहे. अशा संस्थांना ही कागदपत्रं तोंडपाठ असतात आणि त्यांच्या लेटरहेडवरचा अर्ज लवकर समजून घेतला जातो. पहिल्या वर्षी मी हीच वाट धरायला सांगेन.

याशिवाय स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवून लागणारी परवानगी घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून आणा. हॉलकडे सार्वजनिक कार्यक्रमाचा परवाना आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत आहे ना, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. उघड्या मैदानात पडदा लावायचा तर वॉर्ड ऑफिस, पोलीस, ध्वनिक्षेपक आणि मंडप अशी परवानग्यांची रांग लागते, शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. मुंबईत सात वाजेपर्यंत पुरता अंधार होत नाही, म्हणजे हातात जेमतेम तीन तास उरतात. पहिल्या वर्षी मैदान नको.

गाण्यांचंही पाहा. चित्रपटात कुणाचं जुनं गाणं रेडिओवर वाजताना ऐकू येत असेल, तर हक्क घेतलेत का, हे दिग्दर्शकाकडून लेखी घ्या. संमतिपत्र एका पानाचं, साध्या मराठीत: चित्रपट माझा आहे, संगीताचे हक्क आहेत, या तारखेला या जागी एकदा दाखवायला संमती आहे.

निवड

अर्जासाठी साधा गुगल फॉर्म आणि पासवर्ड असलेली लिंक पुरते. प्रवेश फी घेऊ नका. निवड समितीत तीन जण असावेत: एक चित्रपट करणारा, एक सतत चित्रपट पाहणारा आणि एक वॉर्डातला असा माणूस ज्याचा या क्षेत्राशी संबंध नाही, शाळेतली बाई, ग्रंथपाल, परिचारिका. तिघांनी प्रत्येक चित्रपट शेवटपर्यंत पाहायचा. पहिल्या पाच मिनिटांत कॅमेरा हलतो म्हणून बाजूला टाकलेल्या चित्रपटात विसाव्या मिनिटाला असं काही सापडतं जे सफाईदार चित्रपटात नसतं. नाकारलेल्यांना दोन ओळी तरी लिहा, छापील उत्तर नको. ही माणसं आपल्याच गल्लीत राहतात, उद्या दुधाच्या दुकानात भेटणार आहेत, आणि पुढचा चित्रपटही त्यांनाच करायचा आहे.

पुरस्कार ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं, निदान पहिली दोन-तीन वर्षं. तेच पैसे चांगल्या प्रोजेक्टरला आणि प्रत्येक दिग्दर्शकाच्या मानधनाला घाला. मानधन छोटं चालेल, पण सगळ्यांना सारखं द्या.

पडदा आणि आवाज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्वतंत्र चित्रपट बहुतेक कमी उजेडात चित्रित झालेले असतात: चाळीचा जिना, रात्रीची खोली, ट्यूबलाइटचा उजेड. संकलकाच्या चकचकीत मॉनिटरवर ते छान दिसतात, ऑफिसच्या प्रेझेंटेशनचा प्रोजेक्टर लावला की नुसता काळोख. दहा-बारा फुटी पडद्याला, पूर्ण अंधारात, किमान चार हजार एएनएसआय ल्युमेन्सचा (प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा) प्रोजेक्टर मागा आणि भाड्याने देणाऱ्याला ‘एएनएसआय’ हा शब्द आवर्जून सांगा, कारण डब्यावरचे आकडे फुगवलेले असतात. अंतराचा हिशेब सोपा आहे: थ्रो रेशो (प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकातला आकडा) गुणिले पडद्याची रुंदी. रेशो १.५ आणि पडदा १० फूट रुंद, तर प्रोजेक्टर १५ फुटांवर. तो प्रेक्षकांच्या मधोमध येत असेल तर लांब थ्रोची लेन्स मागा. प्रोजेक्टरपासून लॅपटॉप लांब असेल तर साधी एचडीएमआय केबल १५ मीटरनंतर दगा देते, तिथे ऑप्टिकल केबल घ्या.

फाइल कशी हवी तेही अर्जातच लिहा: १९२० बाय १०८०, एच.२६४ किंवा प्रोरेस, चित्रित केला त्याच फ्रेम रेटमध्ये, उपशीर्षकं चित्रावरच छापलेली. वेगळी उपशीर्षक-फाइल घेतली तर दुसऱ्या लॅपटॉपवर देवनागरी जोडाक्षरं फुटतात. मल्टिप्लेक्सचा पडदा मिळाला तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत, लागेल. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरने ती घरी बनते, पण तीही त्याच थिएटरच्या सर्व्हरवर आधी चालवून बघा.

आवाजाची एक गोष्ट नीट समजून घ्या. दिग्दर्शक अभिमानाने ५.१चं, म्हणजे सहा चॅनलमध्ये विभागलेलं, मिश्रण पाठवतो. त्यात संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. शाळेच्या हॉलमध्ये दोनच स्पीकर. प्लेअरने ते मिश्रण नीट दोनात उतरवलं नाही तर पडद्यावर आई बोलते, ओठ हलतात, आणि ऐकू येतात फक्त पावसाचा आवाज आणि लांबची रिक्षा. प्रेक्षकांना वाटतं चित्रपटच असा आहे. म्हणून स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनलचं, मिश्रण वेगळं मागा, ५.१ आलं तर परत पाठवा.

प्रत्येक चित्रपटाचा आवाज वेगळ्या पातळीचा असतो. एक कुजबुजतो, पुढचा कानठळ्या बसवतो. चाचणीच्या दिवशी साऊंडवाल्याला शेजारी बसवून प्रत्येक चित्रपट पुरता चालवा आणि मिक्सरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कुठे ठेवायचा ते कागदावर लिहा. रिकाम्या हॉलमध्ये बरा वाटणारा आवाज भरल्या हॉलमध्ये कमी पडतो, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. थोडा चढाच ठेवा. चाचणीला दिग्दर्शकांना बोलावा. ज्याने सहा महिने त्या आवाजावर काम केलंय त्याच्या कानाला जे कळतं ते आपल्याला कळत नाही.

सगळे चित्रपट दोन लॅपटॉपवर आणि दोन ड्राइव्हवर ठेवा. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर चार जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. लॅपटॉपचं नोटिफिकेशन, स्लीप, स्क्रीनसेव्हर, अपडेट सगळं बंद, वायफायही बंद. दोन चित्रपटांमध्ये दहा सेकंदांचा निखळ काळा पडदा ठेवा, डेस्कटॉपवरचे आयकॉन प्रेक्षकांना दिसता कामा नयेत. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला छोटा यूपीएस जोडा. वीज जाऊन आली की दिवा थंड होईपर्यंत तो काही मिनिटं सुरूच होत नाही. आणि श्रेयनामावली चालू असताना हॉलचे दिवे लावू नका. त्या नावांपैकी निम्मी माणसं खुर्च्यांत बसलेली असतात.

क्रम, आणि चित्रपटानंतरचं बोलणं

एका सत्रात सत्तर-ऐंशी मिनिटांचे चित्रपट आणि मग पंचवीस मिनिटं गप्पा, यापेक्षा जास्त भरू नका. सगळ्यात जड चित्रपट शेवटी ठेवण्याची सवय असते, मी तो दुसरा ठेवते. प्रेक्षक ताजे असतात आणि नंतरच्या हलक्या चित्रपटात श्वास घेतात. उद्घाटन दहा मिनिटांत संपवा. पाहुण्यांना बोलायचंच असेल तर चित्रपट पाहून झाल्यावर बोलू द्या, तेव्हा ते खरोखर चित्रपटाबद्दल बोलतात.

गप्पांसाठी मंचावर एकटा दिग्दर्शक नको. ध्वनिमुद्रण करणारा, संकलक, पहिल्यांदाच काम केलेली शेजारची मावशी यांनाही बसवा. ज्यांच्या घरात, गॅलरीत, दुकानात चित्रीकरण झालं त्यांना पत्र देऊन बोलवा आणि पुढच्या रांगेत बसवा. आपलं स्वयंपाकघर दहा फुटांचं होऊन पडद्यावर आलं की त्या घरातली बाई जे बोलते ते कुठल्याही समीक्षकाला सुचणार नाही. सूत्रसंचालकाने ‘यातून काय संदेश द्यायचा होता?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. एखादं दृश्य धरून विचारावं: ‘आजोबा जिन्यावर थांबतात तिथे कॅमेरा खालीच का ठेवलात?’ उत्तर आपोआप लांब आणि खरं येतं. माइक दोन ठेवा, दुसरा मागच्या रांगेत. मागे बसलेले, विशेषतः मुली आणि वयस्क माणसं, पुढे येऊन विचारत नाहीत.

प्रेक्षक आणि पैसा

शेजाऱ्यांना बोलवायला सोसायट्यांचे व्हॉट्सअॅप गट, वाचनालयाचा फलक, किराणा दुकान, रिक्षा स्टँड पुरे. परवानगीशिवाय खांबांवर बॅनर लावू नका. पत्रकावर प्रत्येक चित्रपटाची वेळ मिनिटासह आणि कोणत्या वयाला योग्य ते छापा. आई-बाप मुलांना घेऊन येणार आहेत.

तिकीट लावू नका. वर्गणी गोळा करायची तर नोंदणीकृत संस्था हवी, नाहीतर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी. गणेशोत्सव मंडळं ती घेतात, जवळच्या मंडळाच्या खजिनदाराला विचारा, तो अर्जच भरून देईल. प्रायोजक दुकानदाराचं नाव पत्रकावर आणि हॉलच्या दारात छापा, पडद्यावर चित्रपटाच्या आधी जाहिरात नको.

संपल्यावर

आठ दिवसांत चार कामं उरका. मानधन पोचवा. प्रत्येक दिग्दर्शकाला प्रदर्शनाचं पत्र द्या, त्यात तारीख, जागा आणि हजर प्रेक्षकांचा खरा आकडा लिहा. अनुदानाच्या किंवा पुढच्या महोत्सवाच्या अर्जाला ते जोडता येतं. दोन्ही लॅपटॉपवरच्या आणि ड्राइव्हवरच्या फाइली पुसा आणि पुसल्याचं लेखी कळवा. जमाखर्च वर्गणीदारांना पाठवा आणि त्याच पाकिटात पुढच्या वर्षीच्या तारखा घाला. हॉलचा अर्जही तेव्हाच देऊन टाका, कारण जानेवारीतले शनिवार लग्नवाले वर्षभर आधी अडवून ठेवतात.